क्षार, लवण आणि घरची भाषा

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुलांना दोन भाषांत वावरावे लागते, हे काही नवे नाही. घरी मराठी, शाळेत हिंदी. एरवी या दोघी गुण्यागोविंदाने नांदतात. रसायनशास्त्राच्या वर्गात मात्र एका शब्दावरून त्यांचे बिनसते. तो शब्द म्हणजे 'क्षार'.

आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होते, असे मराठी पुस्तक सांगते. हिंदीत 'अम्ल' आणि 'क्षारक' यांच्यापासून 'लवण' व जल होते. आणि पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकालाच तेथे 'क्षार' म्हणतात. मराठीत जे क्रियेचे फळ, ते हिंदीत क्रियेतील एका पक्षाचे नाव!

गेल्या वर्षी दहावीतील एका मराठी मुलीने चाचणीत लवणाच्या जागी सर्वत्र 'क्षार' लिहिले. आजोबांनी मराठी पुस्तकावरून तिची तयारी करून घेतली होती. गुण अर्थातच गेले. तिचे वडील मला भेटावयास आले आणि म्हणाले, "सर, यापुढे घरी हिंदीच बोलायचं ठरवलंय. मराठीमुळे पोरीचं नुकसान होतंय." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती, म्हणूनच ते मनाला अधिक लागले.

विज्ञानशिक्षक तेव्हा रजेवर होते. मी मराठीचा पदवीधर. तरी प्रयोगशाळा सहायकाला बरोबर घेऊन तो तास मीच घेतला. कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात कॉपर ऑक्साइडची काळी भुकटी थोडी थोडी टाकली. द्रावण निळे झाले. विरघळेनाशी झालेली भुकटी गाळून काढली, द्रावण आटवून निवत ठेवले. दुसऱ्या दिवशी बशीत मोरचुदाचे निळे स्फटिक चमकत होते. वर्गाने त्यांना लवण म्हटले. ती मुलगी गप्प राहिली.

मग मी शब्दांकडे वळलो. संस्कृतात क्षार म्हणजे मुख्यतः राखेतून काढलेला दाहक पदार्थ; यवक्षार हा जवाच्या राखेचा. हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेने तो अर्थ राखला, मराठी परिभाषेने दुसरी वाट धरली. परंतु आपल्या स्वयंपाकघरात दोन्ही अर्थ सुखाने राहतात. क्षाराचाच 'खार' झाला. पापडखाराच्या पाण्यात लाल लिटमस निळा होतो. मिठाच्या पाण्यात तो बदलत नाही, तरी त्या चवीला आपण 'खारट' म्हणतो. आणि लवणाचे झाले 'लोण'. लिंबलोणात ते आहे, लोणच्यातही आहे. लोणच्याचा खार म्हणताना आपण दोन्ही शब्द एकाच बरणीत घालतो! हे ऐकून ती मुलगी प्रथमच हसली.

पुढील तासाला त्याच मोरचुदाच्या द्रावणात जुन्या बॅटरीतील दोन कार्बनकांड्या बुडवून विद्युत अपघटन केले. ऋणाग्रावर तांब्याचा तांबूस थर चढला, धनाग्रावर ऑक्सिजनचे बुडबुडे आले. प्रवाह बराच वेळ चालू ठेवला तेव्हा द्रावणाचा निळेपणाही उतरू लागला. तांबे द्रावणातून निघून कांडीवर बसत होते. या क्रियेला नावे देताना मायकेल फॅरडेलाही शब्द अडले होते. त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडिताचा सल्ला घेतला आणि 1834 मध्ये ग्रीक धातूंवरून घडविलेले शब्द शास्त्रात आणले. 'आयन' म्हणजे जाणारा. ग्रीकमधील हा धातू आणि संस्कृतातील 'इ' हा गमनार्थी धातू मूळचे एकच; त्यातूनच आपले 'अयन', आपले उत्तरायण. हा शब्द हिंदीतही आयन, मराठीतही आयनच.

त्या वडिलांना मी एवढेच सांगितले की परीक्षेत तिने लवणच लिहावे. पण त्यासाठी आजोबांशी चाललेले बोलणे थांबविण्याचे कारण नाही. मुलगी अडखळली तर दोन्ही पुस्तके शेजारी ठेवावीत आणि कोणता शब्द कोठे चालतो याची यादी तिलाच करू द्यावी. तशी वही तिने केली. पहिल्या पानावर 'क्षार' आहे, आणि अर्थाच्या रकान्यातील मराठी अक्षर आजोबांचे आहे.