दादालाच विचारा ना!

मागच्या शनिवारी किहीमला गेलो होतो. गेटवेहून मांडव्याची बोट, तिथून बसने चोंढी आणि पुढे रिक्षा. सोबत आई, मावशी आणि मावसभाऊ. हा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, बत्तीस वर्षांचा, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणतो. दादाला डाउन सिंड्रोम आहे.

दुपारी एका खानावळीत जेवायला बसलो. काकांनी आमच्या सगळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या आणि दादापाशी आल्यावर मावशीला विचारलं, "ह्याला काय देऊ?" माणूस प्रेमळ होता, मनात वाईट काही नव्हतं. मावशी म्हणाली, "त्यालाच विचारा ना." काका वाकून म्हणाले, "बाळा, काय खाणार तू?" दादा गप्प. एक सेकंद, दोन, तीन, चार... काका पुन्हा मावशीकडे वळणार तेवढ्यात दादा म्हणाला, "सुरमई. तळलेली. सोलकढी दोन."

आजचं लिखाण त्या चार सेकंदांबद्दल आहे.

आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. डाउन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा २१ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. जॉन लँग्डन डाउन या ब्रिटिश डॉक्टरने १८६६ साली याचं वर्णन केलं. कारण सापडायला १९५९ उजाडलं. हा काही लागलेला रोग नाही, त्यामुळे "बरा कधी होणार?" या प्रश्नाला उत्तरच नाही. तोंडाचे स्नायू सैल असल्याने शब्द अस्पष्ट येतात, उत्तर जुळवायला वेळ लागतो. पण साधारणपणे या मंडळींना जेवढं बोलता येतं त्यापेक्षा बरंच जास्त समजतं. आमच्या धंद्याच्या भाषेत, रिस्पॉन्स टाइम जास्त आहे, सर्व्हर डाउन नाही! आपणच टाइमआउट इतका कमी ठेवतो की उत्तर यायच्या आत कनेक्शन तोडून मोकळे.

आणि ते "बाळा". बत्तीस वर्षांच्या अनोळखी माणसाला आपण एरवी "अहो" म्हणतो. एकदा बाळ ठरवलं की मग त्याचं मत विचारायचं नाही, हातात पैसे द्यायचे नाहीत, आणि त्याच्यासमोर खुशाल त्याच्याबद्दल बोलायचं. येताना बोटीत एका बाईंनी दादाच्या देखत मावशीला विचारलं होतं, "तुमच्यानंतर ह्याचं कोण करणार हो?" दादा खिडकीतून समुद्र बघत होता. रात्री झोपताना त्याने मावशीचा हात धरला आणि विचारलं, "आई, तू कुठे चाललीस?"

मावशीला उत्तर देता आलं नाही.

१९८३ च्या सुमारास अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांचं होतं, आता ते साठच्या आसपास आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया सुधारल्या, माणसांना संस्थांत कोंडणं कमी झालं, त्याचा हा परिणाम. म्हणजे आता ही मुलं मोठी होतात, चाळिशी-पन्नाशी बघतात, आणि बोटीतल्या बाईंचा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ आपल्याला माहीत आहे. २०१४ च्या 'यलो' सिनेमात तिने स्वतःचीच भूमिका केली, राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेखही झाला. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण दादा पोहत नाही. तो एका कार्यशाळेत कागदी पिशव्या बनवतो, क्रिकेट बघतो आणि चहात साखर जास्त घेतो. माणूस म्हणून वागवून घ्यायला एवढं पुरेसं असावं.

मावशीनंतर दादा माझ्या घरी राहील, ते ठरलेलं आहे. पण घराबाहेर त्याची गाठ पडणार ती दुकानदाराशी, कंडक्टरशी, बँकेतल्या कारकुनाशी, सोसायटीच्या लिफ्टमधल्या तुमच्याशी. तेव्हा त्याच्याशी थेट बोला. "अहो" म्हणा. आणि विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा.

उत्तर येतं. थोडं उशिरा येतं, इतकंच.