मागच्या बाजूने विणलेले

पिकासोचे ‘गेर्निका’ माद्रिदला आहे. मी ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही. माझ्या परिचयाचे आहे ते पुस्तकाच्या पानावर मावणारे, तळहाताएवढे ‘गेर्निका’. तरीही मूळ कॅनव्हासपेक्षा त्याची धाग्यांत विणलेली प्रतिकृतीच मला अधिक विचारात पाडते. अनुवादित साहित्य शिकवण्यात बरीच वर्षे गेली, त्याचा हा परिणाम असावा.

२६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्क प्रदेशातले गेर्निका हे गाव बेचिराख केले. त्याच वर्षी पिकासोने काळा, पांढरा आणि करडा एवढ्याच रंगांत हे पावणेआठ मीटर रुंदीचे चित्र रंगवले. १९५५ साली नेल्सन रॉकफेलर यांच्यासाठी जॅकलिन द ला बोम-ड्यूरबाख या फ्रेंच विणकर स्त्रीने ते मागावर उतरवले. आकार थोडा लहान झाला, करड्याच्या जागी तपकिरी छटा आल्या. १९८५ पासून ही टॅपेस्ट्री न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात, सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर लागली.

५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी त्या परिषदेपुढे इराकविरुद्धची बाजू मांडली. त्या सुमारास टॅपेस्ट्रीवर निळा पडदा सोडण्यात आला होता. दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी, असे कारण अधिकाऱ्यांनी दिले. अनेकांना ते पटले नाही. मार्चमध्ये बगदादवर बॉम्ब पडू लागले. कारण काहीही असो, झाकले गेले ते मूळ चित्र नव्हते, ती प्रत होती. यांत्रिक पुनरुत्पादनात कलाकृतीचे तेजोवलय विरते, असे वाल्टर बेन्यामिनने १९३०च्या दशकात मांडले. पण जिचे तेज विरले आहे, ती प्रत पडद्याआड गेल्याने एवढे काहूर का माजावे?

अर्थात, टॅपेस्ट्री ही यांत्रिक प्रत नव्हे. ताण्याच्या उभ्या धाग्यांतून बाण्याचा एकेक रंगीत धागा हाताने फिरवत चित्र सिद्ध होते. कुंचल्याचा एक फटकारा किती धाग्यांत बसवायचा, कोणती छटा सोडायची, हे प्रत्येक ओळीला ठरवावे लागते. अनुवादक याहून वेगळे काय करतो?

हे साम्य जुने आहे. ‘दोन किहोते’च्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात सर्व्हान्तेसचा नायक म्हणतो, की अनुवाद वाचणे म्हणजे फ्लेमिश टॅपेस्ट्री उलट बाजूने पाहणे, आकृती दिसतात, पण लोंबत्या धाग्यांनी धूसर झालेल्या. अनुवादाच्या चर्चेत हे विधान हमखास पुढे येते. मात्र एक गोष्ट त्यात निसटते. फ्रान्समधल्या परंपरेत विणकर बसतो तो याच उलट बाजूला. गाठी, टोके, जोड त्याच्या डोळ्यांसमोर असतात. सुलट बाजू विणली जाते ती तिथूनच. आपल्याकडची पैठणी तर याच जातीचे विणकाम, आणि तिची ख्याती अशी की अस्सल पैठणीची दोन्ही अंगे सारखी दिसतात. उलट बाजू ही कमअस्सल बाजू असलीच पाहिजे, असा काही वस्त्रविद्येचा नियम नाही.

चर्चासत्रांत एक प्रश्न दरवेळी येतो: रशियन येत नसताना दोस्तोएव्हस्कीवर मराठीत लिहिण्याचा आपल्याला अधिकार काय? मूळ भाषेचा आग्रह योग्यच आहे. तपकिरी छटा पाहून पिकासोच्या रंगभानावर निबंध लिहू नये. पण मराठी वाचकाला जे अस्वस्थ करून गेले, ते मराठी वाक्यांनी केले. त्या वाक्यांचा कर्ता कोणीतरी होता.

२०२१ साली रॉकफेलर कुटुंबाने टॅपेस्ट्री परत नेली, फेब्रुवारी २०२२मध्ये ती पुन्हा भिंतीवर आली. त्या वेळी माझ्या वाचनात आलेल्या बातम्यांत पिकासो होता, रॉकफेलर होते. विणणारीचे नाव शोधावे लागले. विद्यार्थ्यांच्या टिपणांतही लेखकाचे नाव असते, अनुवादकाचे नसते. ते लिहिल्याशिवाय मी टिपण स्वीकारत नाही.