पंख्याचं विमान

भिवंडीत विमान ऐकू यायचं ते शुक्रवारी. एरवी माग चालू असले की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे, तिथे आभाळातलं काय ऐकू येणार! शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, मग आम्ही पोरं गच्चीवर.

वडील एका कारखान्यात हिशेब लिहायचे. शेठचं कोल्हापूरजवळच्या इचलकरंजीला सारखं जाणं-येणं. तेही मागांचंच गाव, सुता-कापडाचे व्यवहार कायमचे. एरवी कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडणारे शेठ एकदा ‘वायुदूत’ने कोल्हापूरला गेले, आणि कारखान्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी 1981 साली मिळून काढलेली ही कंपनी लहान गावं जोडायची. तिची डॉर्निअर विमानं 19 आसनांची. “वैमानिकाच्या मानेवरचा घाम दिसत होता,” असं शेठ सांगायचे. 1993 मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विरून गेली. शेठ पुन्हा महालक्ष्मीत.

मी बसलो तो किंगफिशरच्या एटीआर या पंख्याच्या विमानात, मामेबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला जाताना. चढायचं मागच्या दाराने, कारण पुढे सामानाची जागा. पंख डोक्यावर असल्याने खिडकीखाली काही आड येत नाही. सह्याद्रीच्या कडा, धरणांचं पाणी, सगळं निवांत दिसतं. जेटपेक्षा वेग कमी, उंची कमी, पण तासाभराच्या अंतराला घाई कशाला? कोल्हापूरची धावपट्टी तेव्हा जेमतेम 1,370 मीटरची, तिथे हेच विमान कामाचं. 2011 मध्ये तीही सेवा बंद पडली.

पुढे छोट्या शहरांसाठी सरकारची उडान योजना आली आणि 2019 मध्ये ट्रूजेटचं एटीआर मुंबई-कोल्हापूर उडू लागलं. त्या खेपेला उजवीकडची खिडकी मिळाली. विमान उभं, इंजिन गुणगुणतंय, आणि पंख्याची सहा पाती मात्र जागची हलत नाहीत. तार तुटली की कामगार मोटर चालू ठेवून माग थांबवतो, अगदी तसं! मोठ्या विमानाच्या शेपटीत वीज-हवेसाठी वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरला ते नाही, म्हणून उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून धरतात आणि त्याच इंजिनावर दिवे, गारवा भागवतात. हे कळल्यावर त्या विमानाशी माझा घरोबाच झाला.

2022 मध्ये ट्रूजेटही थांबली. आता या मार्गावर स्टार एअरची छोटी जेट आहेत. कंपन्या बुडाल्या की लोक म्हणतात, छोट्या गावांत प्रवासी नाहीत. मला ते पटत नाही. खर्चाचं म्हणाल, तर 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानांना सरकारने उतरण्याचं शुल्कही माफ केलं. अडचण मुंबईत आहे. सत्तर माणसांचं विमान धावपट्टी जवळजवळ तेवढाच वेळ अडवतं जेवढा एकशेऐंशी माणसांचं. मग सकाळची सोयीची वेळ कोणाला मिळणार? कोल्हापूरकराला मुंबईत काम उरकून संध्याकाळी परतायचं असतं. भरदुपारी पोहोचून तो काय करणार?

आणि आम्ही भिवंडीकर? मानकोलीच्या गोदामांचे ट्रक, कशेळीचा पूल, ठाणे, असं करत विमानतळ गाठायला उड्डाणापेक्षा जास्त वेळ जातो. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा मामेभावाचा फोन आला, “आता तुला जवळ पडेल ना?” म्हटलं, “आधी शिळफाटा ओलांडू दे. आणि तुमच्या कोल्हापूरला सकाळी सातची वेळ देतायत का, तेवढं विचार.”