दंड भरला, विषय संपला?

‘दंड भरला आणि सुटलो!’ हे वाक्य आपल्या ग्रुपमध्ये कुणी ना कुणी कधी तरी ऐकवलेलं असतंच. सिग्नल तोडला, दंड भरला. नो पार्किंगमधली बाइक टोइंगवाल्यांनी उचलली, दंड भरला. शुक्रवारच्या पार्टीनंतर नाकाबंदीत मशिनमध्ये फुंकलं, आकडा वर गेला… तेव्हाही दंडच भरला. तिन्ही किस्से सांगतानाचा टोन तोच. फार तर तिसऱ्याला हशा जरा जास्त!

मुंबईच्या ट्रॅफिक पोलिसांनी २००७मध्ये ड्रंक ड्रायव्हिंगविरुद्धची मोहीम जोरात सुरू केली, तेव्हापासून नाकाबंदी हा आपल्या वीकएंडचा भागच होऊन गेलाय. कुठल्या फ्लायओव्हरखाली पोलिस उभे असतात, कुठल्या गल्लीतून सटकायचं, याचे तज्ज्ञ प्रत्येक ऑफिसात सापडतात. मशिनमध्ये फुंकल्यानंतर नेमकं काय होतं, हे विचारा. सगळे गप्प.

तर, कायदा असा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९च्या दुरुस्तीआधी हा दंड दोन हजारांपर्यंत होता. हे पैसे चौकात पावती फाडून भरता येत नाहीत, मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागतं. तिथे ‘गुन्हा कबूल’ म्हणायचं, पैसे भरायचे आणि बाहेर येऊन मित्राला मेसेज टाकायचा, ‘दंड भरला.’ कोर्टाच्या कागदावर मात्र वेगळाच शब्द असतो. दोषी.

या दोन शब्दांमधलं अंतर केवढं आहे, ते मला माझ्या मावसभावामुळे कळलं.

मी फ्रीलान्स पत्रकार. लेखांचे चेक येईपर्यंत घरभाडं थांबत नाही, त्यामुळे साइड बिझनेस म्हणून परदेशी निघालेल्यांचे एसओपी तपासून देते. (मास कॉमची डिग्री कुठे तरी उपयोगी पडायला हवी ना!) २०२४च्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी हा माझ्याकडे आला. वय २६, फोर्टातल्या एका लॉ फर्ममध्ये ज्युनियर, हुशार, घरात सगळ्यांचा लाडका. अमेरिकेत एलएलएम करायचं, मग न्यूयॉर्क बारची परीक्षा द्यायची, असा प्लॅन. पाच कॉलेजं निवडलेली, मार्क उत्तम, एसओपीही बरा.

‘ताई, एका प्रश्नाचं काय करू ते सांग,’ असं म्हणून त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

प्रश्न असा होता. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला आहे का? तुम्ही दोषी ठरला आहात का? होय असल्यास तपशील द्या.

मग गोष्ट बाहेर आली. फेब्रुवारी २०२३. लोअर परळला एका कलीगचा फेअरवेल. मुलुंडला घरी परतताना सायनजवळ नाकाबंदी. मशिनवर आकडा आला ४८. लायसन्स जप्त, गाडी चौकीत, पुढच्या आठवड्यात कोर्ट. त्या दिवशी अकरा वाजता त्याच्या सिनियरची हायकोर्टात मॅटर होती. त्यामुळे या वकीलसाहेबांनी स्वतःच्या केसचा कागदही नीट न वाचता ‘कबूल’ म्हटलं, दहा हजार भरले आणि टॅक्सी पकडून हायकोर्ट गाठलं. घरी सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय.

‘नाही वर टिक करतो गं. इंडियातल्या ट्रॅफिक केसचं त्यांना कसं कळणार?’

हा प्रश्न मला आता बऱ्याच जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते. कळण्याचे मार्ग बरेच आहेत. कोर्टातल्या केसेस आता ऑनलाइन दिसतात. पण ते सोडून द्या. खरी गंमत अशी की हा प्रश्न एकदाच विचारला जात नाही. कॉलेजच्या अर्जात असतो. व्हिसाच्या फॉर्मवर अटक आणि शिक्षेबद्दल असतो. पुढे वकिलीची सनद मागायला जाल तेव्हा ‘कॅरॅक्टर अँड फिटनेस’ नावाची अख्खी तपासणी असते आणि तिथे जुन्या अर्जातली उत्तरं नव्या उत्तरांशी ताडून बघतात. एका ठिकाणी खोटं बोललात की पुढची दहा वर्षं तेच खोटं, त्याच शब्दांत लक्षात ठेवायचं. आपल्याला पासवर्ड लक्षात राहत नाहीत!

आणि शिक्षेचा हिशेब तर उलटाच आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस, एवढ्यावरून अमेरिकेचा व्हिसा कायमचा बंद होतो असं सहसा नाही. व्हिसासाठी महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिली, तर मात्र कायमचा होऊ शकतो. म्हणजे ४८ आकड्यापेक्षा ‘नाही’ हा शब्द महाग.

जॉर्ज बुश यांचंच बघा. १९७५मध्ये हार्वर्डचं एमबीए झालं आणि १९७६च्या सप्टेंबरमध्ये मेन राज्यात ते दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले. गुन्हा कबूल, १५० डॉलर दंड, विषय संपला. २४ वर्षं कुणाला पत्ता नव्हता. नोव्हेंबर २०००मध्ये अध्यक्षपदाच्या मतदानाला पाच दिवस उरले असताना बातमी फुटली. मुलींसमोर वाईट उदाहरण नको म्हणून बोललो नाही, असं त्यांनी सांगितलं. ते निवडून आले, ते सोडा. पण त्या आठवड्यात चर्चा दारूइतकीच लपवण्याचीही झाली.

मावसभाऊ तासभर वाद घालून दमला आणि ‘होय’ वर टिक करायला तयार झाला. चला, संपलं, असं वाटलं. छे! खरी मारामारी तर पुढे होती. तपशील लिहायचा होता.

पहिला ड्राफ्ट आला तो ६४० शब्दांचा. त्यात ऑफिसचं प्रेशर होतं, रिकामं पोट होतं, ‘सोशल ड्रिंकिंग’ होतं, निरोप घेणारा कलीग किती जवळचा ते होतं. शेवटचा पॅरा अस्सल वकिली. भारतातली मर्यादा ३० आहे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ८०, आणि सगळ्यात कडक असलेल्या युटामध्येही ५०. म्हणजे ४८ला तिथे आकड्यावरून कुणी गुन्हेगार ठरवलं नसतं!

‘हे तर ठेवायलाच हवं, ताई. फॅक्ट आहे.’

फॅक्ट होतंच. मी विचारलं, ‘तू गाडी युटात चालवत होतास की सायनला?’

तो चिडला. म्हणाला, ‘तू माझ्या बाजूने आहेस की त्यांच्या?’ मी लाल रंगाने ओळी खोडत गेले. रिकामं पोट, खोडलं. प्रेशर, खोडलं. शेवटी एका वाक्याला त्याने माझा हात धरला. ‘कुणाला इजा झाली नाही,’ हे वाक्य. ‘हे तरी राहू दे गं. खरंच काही झालं नाही ना! कुणाला खरचटलंसुद्धा नाही.’

यावर काय बोलायचं, हे मला लगेच सुचलं नाही. वाक्य खरं होतं आणि तरी खटकत होतं.

मग कार्टर रोडचा विषय निघाला. १२ नोव्हेंबर २००६ची पहाट. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण गेले. २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने चालकाची तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. लॉ कॉलेजात त्याने हा निकाल परीक्षेसाठी पाठ केला होता. त्यानंतर पुणे आठवलं. १९ मे २०२४ला कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत बाइकवरचे दोन तरुण इंजिनीअर गेले. दोघंही आमच्याच वयाचे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या १७ वर्षांच्या मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि देशभर संताप उसळला. त्या संतापाचे मेसेज आम्हीही फॉरवर्ड केले होते. त्यानेसुद्धा.

आणि आता आमच्यासमोर लॅपटॉपवर काय होतं? निबंधच!

बराच वेळ दोघंही बोललो नाही. मी चहा ठेवला. चहा अर्धा झाल्यावर तो म्हणाला, ‘त्या हवालदाराने थांबवलं म्हणून काही झालं नाही. सायनच्या पुढचा रस्ता तर मी चालवलाच नाही.’

‘हेच लिही,’ मी म्हटलं.

शेवटचा ड्राफ्ट १९० शब्दांचा झाला. तारीख, ठिकाण, आकडा, कलम, कोर्टाचा आदेश, दंडाची रक्कम. मग ते हवालदाराचं वाक्य. मग, त्यानंतर पार्टीला गाडी नेलेली नाही, एवढंच. युटा नाही, रिकामं पोट नाही. सोबत कोर्टाच्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी. ती मिळवायला नक्कल विभागात तीन आठवडे खेटे घालावे लागले. दंड भरताना लागला होता अर्धा तास!

शिफारसपत्र देणाऱ्या सिनियरना त्याने आधीच सांगून टाकलं. त्यांनी फक्त विचारलं, ‘लिहिलंस ना अर्जात?’ आणि फाइल पुढे ओढली. ज्या माणसाला तो दीड वर्ष घाबरत होता, तिथे प्रकरण दोन मिनिटांत आटोपलं.

मावशीकडे नाही आटोपलं.

डिसेंबरमध्ये अर्ज पाठवायच्या आदल्या रात्री त्याने तिला सांगितलं. मी धीर द्यायला तिथेच होते. मावशी भाजी निवडत होती. आधी तिने विचारलं, ‘कुणाला लागलं नाही ना?’ तो नाही म्हणाला. मग, ‘गाडीत अजून कोण होतं?’ तो म्हणाला, कुणी नाही. रडारड होईल असं आम्हाला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. तिने निवडलेली मेथी टोपल्यात भरली आणि म्हणाली, ‘हा अर्ज करायचा नसता, तर मला सांगितलं असतंस?’

हायकोर्टात उत्तरं शोधणाऱ्या मुलाकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी गाडीची चावी देवघराच्या खणात गेली आणि अजून तिथेच आहे.

पुढचं थोडक्यात. पाचपैकी दोन कॉलेजांनी प्रवेश दिला, तिघांनी नाकारला. त्यातल्या एकानेही कारण सांगितलं नाही, त्यामुळे ४८मुळे की आणखी कशामुळे, हे त्याला कधीच कळणार नाही. व्हिसाच्या वेळी गेल्या पाच वर्षांतली ड्रंक ड्रायव्हिंगची केस असल्यामुळे दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. दारूचं व्यसन तर नाही ना, हे बघतात. खर्च वाढला, तारखा पुढे गेल्या, ‘जाणार की नाही?’ असं नातेवाइकांनी शंभरदा विचारलं. ऑगस्ट २०२५मध्ये तो गेला. त्याच महिन्यात अमेरिकन परराष्ट्र खात्याने सहा हजारांवर विद्यार्थी व्हिसा रद्द केल्याचं सांगितलं आणि दिलेल्या कारणांत दारू पिऊन गाडी चालवणंही होतं. तिथे आता तो सेकंडहँड सायकल वापरतो.

‘आम्हाला कुठे अमेरिकेला जायचंय?’ असं म्हणत असाल तर थांबा. सप्टेंबर २०२४मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने लॉ कॉलेजांना पत्रक काढून सांगितलं, की शेवटची मार्कशीट आणि डिग्री देण्याआधी विद्यार्थ्यांकडून एफआयआर, चालू केस, शिक्षा आणि निर्दोष सुटका, सगळ्याची माहिती घ्या. म्हणजे हा प्रश्न आता आपल्याही फॉर्मवर येऊन बसलाय.

तेव्हा असा एखादा दंड तुमच्याही कपाटात पडून असेल, तर क्रम सांगते. आधी कोर्टातून आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढा आणि त्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. ‘अटक’, ‘आरोप’, ‘शिक्षा’ हे तीन वेगळे शब्द आहेत. आपल्याला यातला कुठला लागू होतो, हे मित्राला न विचारता चांगल्या वकिलाला विचारा. मग जे घडलं ते कमीत कमी शब्दांत लिहा. शंभर शब्दांनंतरही सबबी येत राहिल्या, तर समजा अजून खोडायचं बाकी आहे.

आणि घरी सांगायचं असेल, तर फॉर्म हातात येण्याआधी सांगा. नंतर सांगितलं की आई तो एक प्रश्न विचारतेच.