माखणे आणि न्हाणे

केसांना तेल लावणे आणि ते धुऊन काढणे ही मराठी घराने कधी दोन वेगळी कामे मानली नाहीत. माखणे हे न्हाण्यासाठीच असते, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान हा त्या समजुतीचा सर्वांत ठळक दाखला आहे. आधी तेल, मग उटणे, मग कढत पाणी आणि शिकेकाई हा तिथला क्रम ठरलेला असतो, आणि अंगाला लावलेले बहुतेक सारे त्याच न्हाणीत उतरवून टाकले जाते. गेल्या काही दशकांत केसांच्या बाबतीत हा क्रम उलटला आहे. कंडिशनर, सीरम, जेल, मेण, फवारे ही आजची प्रसाधने केस धुऊन झाल्यावर लावली जातात आणि ती केसांवर टिकून राहावीत अशाच बेताने बनवलेली असतात. केस मेणचट होणे, धुऊनही जड वाटणे, फणीच्या दातांत पांढरट भुकटी येणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या उलटलेल्या क्रमात सापडते, आणि त्यांवर अधिक कडक शाम्पू हा उपाय बहुधा चुकीचा ठरतो, कारण साचलेला प्रत्येक थर वेगळ्या कारणाने चिकटलेला असतो आणि तो सोडवण्याची रीतही वेगळी असते.

केसाचा जो भाग डोक्याबाहेर दिसतो तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला निर्जीव धागा असून त्यावर अतिशय पातळ खवल्यांचे कवच असते, ज्याला क्यूटिकल म्हणतात. छपरावरची कौले जशी एकमेकांवर चढवून वळचणीकडे उतरती बसवलेली असतात, तसे हे खवले मुळापासून टोकाकडे उतरते बसलेले असतात, आणि निरोगी केसात त्यांच्या सर्वांत वरच्या पृष्ठावर एका मेदाम्लाचा, म्हणजे तेला-चरबीचा घटक असणाऱ्या आम्लाचा, पक्का जोडलेला थर असतो. नवा केस पाणी सहज धरत नाही आणि त्याच्यावरून बोट गुळगुळीत फिरते, ते या थरामुळे. ऊन, रंग, ब्लीच आणि वर्षानुवर्षांची विंचरणी यांनी तो झिजतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे दोन फूट लांब वेणीचे टोक चार-पाच वर्षांचे जुने असते. मुळाजवळचा केस आणि टोकाचा केस ही रसायनदृष्ट्या दोन वेगळी द्रव्ये मानावीत इतका त्यांच्या पृष्ठभागांत फरक पडलेला असतो.

या पृष्ठभागाचा आवाका सहसा लक्षात येत नाही. डोक्यावर सुमारे एक लाख केस, प्रत्येकाची जाडी मिलिमीटरच्या सात शतांशाएवढी आणि लांबी ६० सेंटिमीटर धरली, तर एकूण पृष्ठभाग १३ चौरस मीटरच्या घरात जातो, म्हणजे बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद खोलीच्या फरशीएवढा. दोन चमचे तेल एवढ्या फरशीवर पसरायला पुरेसे असते, आणि वाटीभर तेल थापले तर ते केसात जिरत नाही, केसांमध्ये नुसते साचून राहते.

तेलाचे काम नेमके काय, याचे एक उत्तर मुंबईतूनच मिळाले आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने केसांतून होणारी प्रथिनांची गळती लक्षणीय कमी केली. खोबरेलात लॉरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते; त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते, तर खनिज तेल बाहेरच राहते. पाण्यात भिजला की केस फुगतो, खवले उचलले जातात आणि ओला केस घासताना झिजतो. आत शिरलेले तेल हे फुगणे आवरते. थोडक्यात, तेलाचा मोठा उपकार केस धुताना घडतो. आत शिरायला मात्र त्याला काही तास लागतात, त्यामुळे केसांच्या दृष्टीने आदल्या रात्री लावलेले तेल पहाटे घाईने चोपडलेल्या तेलापेक्षा अधिक उपयोगाचे असते. एरंडेलाची गोष्ट निराळी आहे. ते अतिशय दाट आणि चिकट असते, आणि एरंडेल लावून धुतलेले लांब केस अचानक नमद्यासारखे एकमेकांत घट्ट गुंतून बसल्याचे, शेवटी ते कापावे लागल्याचे उदाहरण भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये नोंदवलेले आहे. लांब केसांना निव्वळ एरंडेल थापण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तेल पाण्याने निघत नाही, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तेलाला जवळ करत नाहीत. या दोघांमध्ये मध्यस्थी करणाऱ्या द्रव्याला पृष्ठक्रियाकारक म्हणतात. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमणारे आणि दुसरे तेलात रुतणारे असते. असे रेणू तेलाच्या पापुद्र्याच्या कडेने शिरतात, पापुद्रा गोळा होऊन थेंब बनतो, थेंबाभोवती रेणूंचे कडे पडते, आणि पाण्याबरोबर तो वाहून जातो. पहिल्या खेपेला तेलकट डोक्यावर फेस जवळजवळ येतच नाही, कारण तेल फेसाचे बुडबुडे फोडत असते. दुसऱ्या खेपेला निम्म्या शाम्पूतही भरपूर फेस येतो. फेस स्वतः मळ काढत नाही, तरीही तेल किती उरले याची खूण म्हणून त्याच्याइतकी सोपी दुसरी गोष्ट न्हाणीघरात नाही.

शिकेकाई आणि रिठा यांच्यातले पृष्ठक्रियाकारक म्हणजे सॅपोनिन, ज्याच्या रेणूत साखरेची साखळी पाण्याकडे आणि मेदसदृश गाभा तेलाकडे वळलेला असतो. शिकेकाई ही सह्याद्रीच्या जंगलात वाढणारी काटेरी वेल, आणि तिच्या नावातला ‘काई’ हा अंश द्राविडी भाषांतील ‘काय’ म्हणजे फळ वा शेंग या शब्दाचा आहे. रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन अधिक असते, म्हणून तो तेल झपाट्याने काढतो, रेशमी आणि लोकरी वस्त्रांनाही चालतो, आणि डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. दोन्हींचा काढा सौम्य आम्लधर्मी असतो, जे केसांना मानवते. या जुन्या द्रव्यांची भलामण करताना एक दोष मात्र झाकला जाऊ नये: शिकेकाईची पूड थेट डोक्यावर चोळली तर तिचे कण केसांत अडकतात, वाळल्यावर कोंड्यासारखे झडतात, आणि मळ काढायला आणलेली वस्तूच मळ होऊन बसते. शेंगा रात्रभर भिजवून, उकळून, हाताने कोळून ते पाणी फडक्यातून गाळून घेण्याची आजीची पद्धत याच कारणाने योग्य होती, आणि तयार पूड वापरणाऱ्यांनीही गाळण्याचे काम चुकवू नये.

अंगाचा साबण केसांना लावणे ही मात्र निखालस चूक आहे. साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार, आणि तो अल्कधर्मी असतो. त्याने खवले उचलले जातात, आणि बोअरच्या जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेल्या पाण्यात, त्याचा न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या कडेला बसणारा तो करडा कडक थर केसांवरही बसतो आणि कितीही पाणी ओतले तरी जात नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास सहन करण्याजोगी मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. न्हाणीघरातल्या पाण्याचा असा विचार सहसा कोणी करत नाही. संश्लेषित पृष्ठक्रियाकारकांचे शाम्पू १९३० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले आणि साक्याची ही अडचण दूर झाली. शाम्पू हा शब्द मात्र हिंदीतल्या चंपीच्या कुळातला आहे: पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेचे स्नान आणि मर्दन देणारे स्नानगृह उघडले, आणि तिथे या शब्दाचा अर्थ धुणे असा नसून अंग चेपणे असा होता.

आता प्रसाधनांच्या थराकडे वळता येईल, आणि इथेच गोंधळ सर्वाधिक आहे. केसाच्या पृष्ठभागावर, सामू सुमारे ३.७ च्या वर असताना, ऋण विद्युतभार असतो. सामू म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचे माप. कंडिशनरमधली द्रव्ये धन भाराची असल्यामुळे ती केसाला ओढली जातात आणि खळबळून धुतल्यावरही चिकटून राहतात. जिथे झीज जास्त तिथे ऋण भार जास्त, म्हणून टोकांवर हा थर अधिक बसतो. कित्येक शाम्पूंतही गवारीच्या बियांच्या डिंकापासून किंवा सेल्युलोजपासून बनवलेली धन भाराची बहुवारिके, म्हणजे लांब साखळीचे रेणू, घातलेली असतात; पाणी ओतून शाम्पू पातळ होऊ लागला की ती ऋण भाराच्या फेसकारकाशी जुळून केसांवर बसतात. असा शाम्पू रोज वापरणारा माणूस मळ काढत असतानाच नवा थर चढवत असतो, आणि थर वाढला की तोच शाम्पू दुप्पट घेतो. सिलिकोनचे थर याहून वेगळे: डायमेथिकोन हे पाण्यात न विरघळणारे सिलिकोन केसाला चकाकी देते, पण त्याला साधा सौम्य धुवणकारक पुरत नाही. जेल आणि फवाऱ्यांतली बहुवारिके बहुधा पाण्यातच सुटतात, फक्त त्यांना भिजायला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. कोरड्या केसांवर फणी मारून ती उकरली तर भुकटी होते आणि केसही तुटतात.

कोणता थर आहे हे बोटांनी ओळखता येते. केसांची एक बट ओली करून अंगठा आणि तर्जनीमध्ये मुळाकडून टोकाकडे ओढावी. मुळाशी निसरडेपणा आणि बोटांना तुपकट डाग राहिला, तर ते तेल किंवा टाळूच्या ग्रंथींतून स्रवणारा सीबम हा स्नेह आहे, आणि साध्या शाम्पूच्या दोन धुण्यांत तो निघतो. टोकाशी केस रबरासारखा किंवा जास्तच गुळगुळीत लागला आणि वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, तर कंडिशनर व सिलिकोनचा संशय घ्यावा. अशा वेळी कंडिशनिंग द्रव्ये नसलेला, शोधनासाठी बनवलेला शाम्पू महिन्यातून एक-दोनदा वापरणे पुरते. केस सर्वत्र खरखरीत, निस्तेज आणि राठ लागले, तर पाण्यातील क्षारांचा थर असण्याची शक्यता मोठी. त्याला ईडीटीएसारखे क्षार पकडून ठेवणारे द्रव्य असलेला शाम्पू किंवा सौम्य आम्ल लागते. एक मग पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून शेवटी केसांवरून ओतण्याची रीत इथे कामाची आहे, पण तेलाच्या बाबतीत ती निरुपयोगी आहे, कारण आम्ल तेल विरघळवत नाही. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असल्याने केसांना लावूच नये. पेट्रोलियम जेली किंवा मेण लागले असेल तर आधी त्यावर थोडे पातळ तेल चोळून ते सैल करावे, कोरड्या केसांवरच शाम्पू चोळावा आणि मग पाणी घ्यावे. पाणी आधी घेतले तर ते मध्ये येते आणि शाम्पू मेणापर्यंत पोहोचत नाही.

टाळूचा विचार केसांपेक्षा वेगळा करावा लागतो. तिथे राहणारी मलासेझिया ही किण्वसदृश बुरशी स्नेहावर जगते, आणि ज्यांना कोंड्याचा आणि खाजेचा त्रास आहे त्यांच्या टाळूवर तेल जिरवत ठेवणे म्हणजे तिला खाद्य पुरवणे होय. कोंड्याला कोरडेपणा समजून आणखी तेल थापणे ही घराघरात दिसणारी चूक मुलांच्या बाबतीत विशेष क्लेशकारक ठरते. दोनदा नीट धुऊनही तेलकट पिवळसर पापुद्रे आणि लाली टिकली, तर तो मळ नव्हे, तो विकार आहे, आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

पाण्याच्या तापमानाबद्दल अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिलेली ताकीद आजही मोलाची आहे: ऊन पाणी शरीराच्या खालच्या भागाला बळ देते, पण डोक्यावर घेतल्यास केस आणि डोळे यांचे बळ हरते, असे ग्रंथकार वाग्भट सांगतो. दुसऱ्या टोकाला, खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, हे दिवाळीतल्या थंड पहाटे बाटली उपडी करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. गार पाण्याने ते केसांवरही असेच थिजते आणि शाम्पूला दाद देत नाही. म्हणून बंबातले पाणी डोक्यासाठी कोमट करून घ्यावे, दोन चमचे तेल हाताच्या उबेने पातळ करून बोटांनी टाळूवर आणि केसांच्या लांबीवर पसरावे, पहिल्या खेपेला शाम्पू किंवा शिकेकाईचा गाळलेला काढा फक्त टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळावा, नखांनी नव्हे, आणि टोकांना वाहत्या फेसावर सोपवावे. दुसऱ्या खेपेला फेस भरून आला की हात आवरावा; तेल गेलेले असते.