गाडीची सुधारणा

सुधारणा हा शब्द आमच्या पिढीनें इतका ऐकला आहे कीं, तो उच्चारतांच मनाला एक प्रकारचा सात्त्विक आनंद होतो. समाजाची सुधारणा, शिक्षणाची सुधारणा, शेतीची सुधारणा, या सर्वांवर आम्ही आजवर वर्गांत आणि व्यासपीठावर यथेच्छ बोलत आलों. परंतु स्वतः पुढाकार घेऊन एखाद्या वस्तूची सुधारणा करण्याचा योग आम्हांला वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं आला, आणि ती वस्तु म्हणजे आमच्या पुतण्याची मालवाहू गाडी. त्या सुधारणेची हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे. कारण तिच्यांत आमची जी फजिती झाली, ती केवळ गाडीपुरती नव्हती.

२००५ सालीं टाटांची 'एस' ही लहान मालगाडी रस्त्यावर आली आणि लोकांनीं तिला 'छोटा हत्ती' असें नांव देऊन टाकलें. पुतण्याची गाडी दुसऱ्या घराण्यांतली, परंतु त्याच जातीची. पाऊण टन ओझें वाहणारी. आमचे वडील बंधु वारल्यावर त्यानें कॉलेज सोडलें, रत्नागिरीनजीकची कलमांची बाग हातीं घेतली आणि बँकेचें कर्ज काढून ही गाडी विकत घेतली. कॉलेज सोडल्याबद्दल आम्ही त्याच्यावर दोन वर्षें रुष्ट होतों. प्राध्यापकाच्या घरांतला मुलगा पदवीवांचून राहावा, याचें आम्हांला दुःख होतें. पण दुःखाहून लाज अधिक होती, हें आज कबूल करावयास हरकत नाहीं.

गेल्या वर्षी फेब्रुवारींत गांवीं गेलों, तेव्हां गाडीचा आवाज आम्हांला पाणंदीच्या तोंडाशींच ऐकूं आला. सायलेन्सर कुजला होता. डिझेल जळतांना पाण्याची वाफ निर्माण होते. गाडी लांबच्या प्रवासांत तापली म्हणजे ती बाहेर पडते. परंतु बागेपासून नाक्यापर्यंतच्या लहान खेपांत सायलेन्सर पुरता तापतच नाहीं, वाफेचें पाणी आंतच साचतें आणि पत्रा आंतून गंजतो. बाहेरून समुद्राची खारी हवा तेंच काम करीत असते. नवा सायलेन्सर घेण्याऐवजीं नुसती सरळ नळी बसवावी, गाडीला जोर येतो, असें पुतण्याच्या एका स्नेह्यानें सुचविलें आणि त्यानें तसें केलेंहि होतें. गाडी सुरू झाली कीं गोठ्यांतलीं गुरें दावीं ओढूं लागत, आणि शेजारच्या आजी कानांवर हात ठेवून घरांत जात.

आम्ही संतापलों. ओसरीवर बसवून आम्हीं त्याला एक व्याख्यानच दिलें. सायलेन्सर म्हणजे आवाज कोंडून ठेवणारा नुसता डबा नव्हे; त्याच्या पोटांतील सच्छिद्र नळ्यांतून आणि कप्प्यांतून ध्वनीच्या लाटा उलटसुलट फिरतात आणि बऱ्याच अंशीं एकमेकींस खोडून काढतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२० व्या नियमानें तो प्रत्येक गाडीला आवश्यक ठरविला आहे. "आवाज वाढला म्हणजे जोर वाढला, हा कानांचा भ्रम आहे," असें आम्हीं त्याला बजावलें. हा भ्रम मोटारींपेक्षां वक्त्यांत अधिक आढळतो, हें मात्र त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. पुतण्यानें मुकाट्यानें नवा सायलेन्सर आणून बसविला.

या विजयाच्या भरांतच आमची स्वतःची सुधारणा सुरू झाली. गाडींत एका खेपेस आंब्याच्या तीस पेट्या जात. पन्नास गेल्या, तर डिझेल, वेळ आणि कर्जाचे हप्ते या तिन्ही बाबतींत किती सुटका होईल, याचा हिशेब आम्हीं वहीच्या पानावर मांडला. मागल्या आंसावर पांच पाट्यांची कमान होती. तींत आणखी दोन पाटे घालावे, म्हणजे ती बसणार नाहीं. रॉबर्ट हुक यांनीं १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आम्हीं विद्यार्थिदशेंत शिकलेला होता : स्प्रिंग जितकी वांकवावी, तितका तिचा विरोध वाढतो. सात पाट्यांची कमान पांचांच्या मानानें अधिक ओझें पेलणार, हें साधें त्रैराशिक होतें. पैसे आम्हीं दिले.

मिस्त्रीनें पाटे हातांत घेऊन एकवार आमच्याकडे पाहिलें. "सर, पाटे वाढवून गाडी वाढत नाही," तो म्हणाला. "ब्रेक तेच, टायर तेच, एक्सल तोच. आणि शॉकअप जुना आहे, तो हे पाटे कसे आवरणार?"

पुतण्याहि हळूच म्हणाला, "काका, पहिल्या तोडीला पेट्या थोड्याच असतात."

"हिशेब आम्हीं केलेला आहे," असें सांगून आम्ही घरीं परतलों.

मार्चमध्यें पहिली तोड झाली. अकरा पेट्या निघाल्या. हंगामाच्या आरंभींचा हापूस म्हणजे वर्षांतला सर्वांत महाग माल. गाडी सव्वातीनशें किलोमीटरांचा रस्ता तोडून वाशीला पोंचली. आंबे कच्चे, हिरवे, दिसावयास निर्दोष होते. परंतु कच्च्या फळाला बसलेला मार त्या वेळीं दिसत नाहीं. तो फळ पिकतांना दिसतो. चार-सहा दिवसांनीं दलालाचा फोन आला कीं, फळावर काळे डाग उमटले आहेत आणि अर्ध्याहून अधिक माल पडत्या भावानें द्यावा लागला.

तेव्हां आमच्या त्रैराशिकांतली चूक आम्हांला उमगली. रस्त्यांतल्या खड्ड्याचा धक्का कोणाला तरी सोसावाच लागतो. कमान वांकते ती दुबळी म्हणून नव्हे; वांकणें हेंच तिचें काम होय. पन्नास पेट्यांसाठीं ताठ केलेली कमान अकरा पेट्यांच्या भारानें वांकलीच नाहीं, आणि जो धक्का पोलादानें घ्यावयाचा तो आंब्यांनीं घेतला. बरें, पन्नास पेट्या घातल्या असत्या, तर तें ओझें गाडीच्या नोंदलेल्या वजनाबाहेर गेलें असतें. मोटार वाहन कायदा १९८८ चा; त्याच्या ५२ व्या कलमांत मालकानें गाडींत मनास येतील ते बदल करूं नयेत, असा निर्बंध आहे. नळीच्या वेळीं नियमाचा आंकडा तोंडपाठ सांगणाऱ्या आम्हीं पाट्यांच्या वेळीं तें पुस्तक उघडलेंच नव्हतें! पुतण्याची हौस आम्हांला दिसली. आमचा लोभ हिशेबाच्या वहींत बसला होता, म्हणून तो आम्हांला शहाणपणासारखा दिसला.

पुतण्यानें दोषाचा एक शब्दहि उच्चारला नाहीं. रात्रीं जेवतांना तो इतकेंच म्हणाला, "काका, आंब्यांवर भागलं. पन्नास पेट्या भरून घाट उतरताना ब्रेक कमी पडले असते तर?"

त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. गाडीपेक्षां गाडी हांकणाराच डोळ्यांपुढें येत होता. वडिलांच्या माघारीं बाग, कर्ज आणि आई एवढें ओझें त्याच्यावर होतेंच. त्यावर आमच्या दोन वर्षांच्या रोषाचें ओझें आम्हीं ठेवलें होतें, आणि तो त्याखालीं वांकलेला दिसला म्हणून आम्ही त्याला दुबळा समजत होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्ही स्वतः त्याच्याबरोबर गॅरेजांत गेलों आणि झालेली नुकसानी आमच्याकडे, असें त्याला वाटेंतच सांगितलें. मिस्त्रीनें दोन्ही जादा पाटे काढले, झिजलेले बुश आणि तेल गळणारे शॉकअप बदलले, यू-बोल्ट आवळले आणि एक खेप झाल्यावर ते पुन्हां आवळून नेण्यास बजावलें. सायलेन्सरच्या तळाशीं पाणी निथळण्यासाठीं बारीक छिद्र असतें, तें चिखलानें बुजूं देऊं नका, असेंहि त्यानें सांगितलें. आम्हीं तें सर्व वहींत उतरून घेतलें. पूर्वीच्या हिशेबाच्या खालींच.

एप्रिलांत बाग भरांत आली. तीस पेट्या भरून गाडी पहांटे चारला निघावयाची होती. तिचा आवाज ऐकून उठावें आणि पुतण्याला निरोप द्यावा, म्हणून आम्ही अंथरुणांत जागे पडून होतों. उजाडलें तेव्हां अंगणांत जाऊन पाहिलें. गाडी केव्हांच निघून गेली होती.