मिरजेहून दाभोळ, सायकलवर

फज्रची नमाज पढून आम्ही सायकली बाहेर काढल्या तेव्हा अम्मी दारात उभ्या होत्या. आयतुल कुर्सी पढून तिघांवर दम केला, चपात्यांची शिदोरी पुन्हा एकदा चाचपली आणि हळूच म्हणाल्या, "टोपी बॅगेतच ठेवा. वाटेत कशाला?"

अम्मींची भीती घाटाची नव्हती. 2023 च्या सप्टेंबरमध्ये पुसेसावळीत जे घडलं, ते कराडपासून फार लांबचं नाही. तेव्हापासून आमच्यासारख्या घरांत प्रवासाला निघताना कपड्यांचाही विचार होतो. आम्ही टोपी बॅगेत ठेवली. लेक हेल्मेटखाली स्कार्फ बांधत होती. तिने विचारलं, "मग मी काय काढू?" यावर कुणी काही बोललं नाही. आम्ही निघालो.

आम्ही म्हणजे नवरा-बायको आणि दहावी झालेली लेक. वेग मोठा नाही, सायकली गिअरच्या पण साध्या. तीन दिवसांत मिरजेहून कराड, कोयनानगर, चिपळूण करत दाभोळच्या खाडीपर्यंत जायचं ठरलं होतं. दाभोळ का, तर लेकीने आयशाबीबीच्या मशिदीबद्दल कुठेतरी वाचलं होतं. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली ही शहजादी हजला निघाली आणि दाभोळ बंदरापर्यंत आली, असं सांगतात. समुद्रात चाच्यांचा धोका होता, गलबतं सुटेनात. मग सोबत आणलेल्या पैशांतून तिने किनाऱ्यावर मशीद बांधून घेतली. आज कराडवरून कोकणात उतरणाऱ्या महामार्गाचं नावच गुहागर–विजापूर आहे. ती नेमक्या कुठल्या वाटेने आली कोण जाणे, पण दिशा तर हीच.

कराडला सरळ इस्लामपूरवरून जाता येतं. ऊसतोडीच्या दिवसांत मात्र त्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांची रांग असते आणि मागची ट्रॉली वळणावर कुठे झुलेल याचा भरवसा नाही. म्हणून आम्ही सांगली, माधवनगर, तासगाव, पलूस, कुंडल असा वळसा घेतला. अंतर वाढलं, पण रस्ता सुखाचा. चढ आला म्हणेपर्यंत उतार येतो. एका अंगाला द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला ऊस, मध्येच हळदीच्या पानांचा वास. तासगावला थांबून बेदाणा घेतला. ईदच्या शीरखुर्म्यात आपण जो बेदाणा टाकतो त्यातला बराचसा याच भागातून येतो, हे लेकीला तिथे कळलं. अर्धा किलो घेतला होता, कराड येईपर्यंत तिने तो निम्मा केला.

कुंडल हे प्रतिसरकारचं गाव. 1943 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली या भागाने इंग्रजांना न जुमानता आपला कारभार आपणच चालवला. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. पुढे सागरेश्वरचे डोंगर डावी-उजवी करत राहतात. देवराष्ट्रे इथून जवळच आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्यांची समाधी कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर. सकाळी ज्यांच्या जन्मगावाजवळून गेलो, संध्याकाळी त्यांच्या समाधीपाशी बसलो.

कराडला जुन्या गावात मशिदीचे दोन मनोरे लांबूनच दिसतात. पहिल्या अली आदिलशहाच्या काळातलं, म्हणजे सोळाव्या शतकातलं हे काम. उंची शंभर फुटांहून जास्त. सायकल भिंतीला टेकवून वर बघताना मान दुखली.

इथे वाचकांपैकी कुणी अशा सफरीवर जाणार असेल तर एक सांगावंसं वाटतं. हनफी मसलकाप्रमाणे साधारण 78 किलोमीटर किंवा त्याहून लांबचा सफर ठरवून गावाची वेस ओलांडली की कसर लागू होते. चार रकातची फर्ज दोन होते. मात्र मुकामी इमामामागे जमातीत उभं राहिलं तर पूर्ण चार. हे वाचून माहीत होतं, पण पाय दुखत असताना शेताच्या बांधावर दोन रकातवर सलाम फिरवला तेव्हा या सवलतीची किंमत कळली.

दुसऱ्या दिवशी पाटणकडे निघालो. कोयना उजवीकडे-डावीकडे होत सोबत राहते आणि चढ इतका हळू की चढतोय हे पायांनाच कळतं. पाटणच्या पुढे पहिली अडचण आली. लेकीच्या मागच्या ब्रेकचं रबर पार झिजलं होतं. निघण्यापूर्वी एका दुकानात सर्व्हिसिंग केलं होतं, पैसेही भरपूर मोजले होते, पण हाताने तपासायचं आम्हीच विसरलो. समोर कुंभार्ली घाट आणि जवळ सुटं रबर नाही.

एका चहाच्या टपरीवर थांबलो. मालक वयस्कर, कपाळाला बुक्का. कुठले, कुठे निघालात, असं विचारत होता. "मिरजेचे," आम्ही म्हणालो. मग त्याने विचारलं, "आडनाव काय?" खेड्यात हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, तरी आम्ही दोघं क्षणभर गप्प झालो. लेकीने मात्र चहा फुंकत आपलं पूर्ण नाव सांगितलं, अब्बूंच्या नावासकट. म्हातारा म्हणाला, "या ब्रेकवर पोरीला घाट उतरवणार? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?" आमच्या लेकीसमोर आम्हाला इतकं कुणी झापलं नव्हतं. मग त्याने पुतण्याला हाक मारली. पुतण्या मोटारसायकलवरून पाटणला गेला आणि पाऊण तासात रबराचे चार तुकडे घेऊन आला. रबराचे पैसे घेतले, पेट्रोलचे घेतले नाहीत. चहाचे घेतले.

कोयनानगरला मुक्काम केला. या गावाचं नाव काढलं की आमच्या अम्मी अजूनही भूकंपाबद्दलच बोलतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे जमीन हादरली तेव्हा मिरजेपर्यंत भांडी वाजली होती, असं त्या सांगतात. पण आमच्या डोक्यात धरणाचं पाणी होतं. कोयनेचं पाणी पूर्वेला वाहत कराडला कृष्णेला मिळतं आणि सांगलीला येतं. 2019 च्या पुरात सांगलीतून आलेली कुटुंबं आमच्या गल्लीतल्या मशिदीत राहिली होती. चपात्या लाटून लाटून घरातल्या बायकांचे हात भरून आले होते. याच धरणातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेलाही सोडतात. पोफळीच्या वीजकेंद्रातून ते बाहेर पडतं आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणजे आम्ही ज्या धरणाच्या पाण्याकाठून आलो, त्याच्याच पाण्याकाठून पुढे जाणार होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटमाथ्यावर धुकं होतं. पुढची सायकल दिसेना म्हणून थांबलो, बिस्किटं खाल्ली आणि नऊनंतर उतरायला लागलो. सायकलवाल्याला घाटात चढापेक्षा उतार अवघड. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि बोटं बधिर होतात. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. लेक मध्ये आणि आम्ही एक पुढे, एक मागे. दर तीन-चार वळणांनी थांबून रिमला हात लावून बघत होतो. खाली पोफळीला पोचलो तेव्हा हवा एकदम दमट झाली आणि स्वेटर निघाले. तेव्हाच बॅगेतली टोपीही बाहेर आली. कुणी काढली, का काढली, यावर चर्चा झाली नाही.

चिपळूणमध्ये दुपारी साडेतीनच्या सुमारास मशिदीजवळ सायकली लावल्या तोच असरची अजान झाली. लेक म्हणाली, "अब्बू, यांचं घड्याळ पुढे आहे." घड्याळ बरोबर होतं. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्याकडे असरची वेळ आपल्या हनफी वेळेपेक्षा आधी सुरू होते. एक घाट उतरला की बोली बदलते, भात बदलतो, तसंच हे. बाजारपेठेत एका दुकानदाराने 22 जुलै 2021 च्या पुराची खूण भिंतीवर दाखवली. आमच्या डोक्याच्या वर होती.

तीन दिवसांचा हिशेब ब्रेकने बिघडवला होता. चिपळूणला राहून चौथ्या दिवशी गुहागर रस्त्याने शृंगारतळी आणि तिथून धोपाव्याच्या धक्क्यावर गेलो. हे अंतर कागदावर किरकोळ वाटतं, पण जांभ्या दगडाचा हा मुलूख सपाट म्हणून नाहीच. घाटाने दमवलं नाही इतकं या चढउतारांनी दमवलं. अंजनवेलचा गोपाळगड खाडीच्या तोंडावर पहारा देत बसलेला. सायकलीसकट फेरीबोटीत चढलो आणि दाभोळला उतरलो.

आजचं दाभोळ बघून ते कधीकाळी केवढं बंदर होतं याची कल्पना येत नाही. बहामनी काळात इथून होर्मुझला आणि अरबस्तानला जहाजं जात. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परतीच्या वाटेला इथूनच जहाजात बसला. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आल्मेडाने हे गाव जाळलं. तरी ते पुन्हा उभं राहिलं. माडांच्या गर्दीत मशीद एकदम समोर येते. मोठा घुमट, कोपऱ्यांवर चार मनोरे, विजापूरचाच हात. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. त्या नावामागे जितकी माणसं तितक्या कहाण्या ऐकल्या.

जोहर तिथेच पढली. नंतर लेक बराच वेळ पायऱ्यांवर बसून होती. म्हणाली, "तिला परत विजापूरला जायला किती दिवस लागले असतील?" हजला जाता आलं नाही म्हणून मशीद बांधली, एवढंच आम्हाला माहीत होतं. ती परत कशी गेली असेल, हा विचार आम्ही केलाच नव्हता.

आम्ही परतलो एसटीने, सायकली एका ओळखीच्या टेम्पोतून. अम्मींनी दारातच विचारलं, "वाटेत कुणी काही बोललं?"

"हो दादी," लेक म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारलं." आणि मग ती टपरीची सगळी गोष्ट तिने अम्मींना दोनदा सांगितली. अम्मींनी त्या म्हाताऱ्याचं नाव विचारलं. आम्हाला ते माहीत नव्हतं. त्याने आमचं विचारलं होतं, आम्ही त्याचं विचारलं नव्हतं. आता पाटणकडे कुणी जाणार असेल तर त्याच्यासोबत तासगावचा बेदाणा द्यायचा, असं अम्मींनी ठरवलंय. पुडी बांधून फडताळात ठेवली आहे.